कानबाई चोवीस तास

सारंगखेडा, १२ ऑगस्ट २०२५

रंजू,

वहिनीचा आशीर्वाद. हवा असेल तर घे, नको असेल तर चुलीत घाल.

तू माझा आणि तुझ्या भावाचा, दोघांचेही नंबर बंद करून ठेवलेस, म्हणून हे पोस्टानं. पत्ता तोरणमाळच्या आरोग्य केंद्राचा घातला आहे. खिडकीवरचा माणूस विचारत होता, पाकिटात काय आहे? म्हटलं, पत्र आहे. तरी त्यानं दाबून पाहिलं. मी सिन्नरची, माझं मराठी पुस्तकी, यावर तू नेहमी हसायचीस. आता वाच चार पानं पुस्तकी.

भांडण उगाळत नाही. दोन वर्षांपूर्वी तुझ्या भावानं, हेमकांतनं, भाड्याचा माइक आणून मायचं कानबाईला बोलावण्याचं गाणं घेतलं, तुझं देवीच्या बोळवणीचं घेतलं, आणि तुला न विचारता रूपचंदशेठच्या कंपनीला देऊन टाकलं. तू बॅग भरलीस. दारातून म्हणालीस, "तुमीन गानाले घानाले जुपी दिधं." गाणं घाण्याला जुंपलं म्हणे, मला तेव्हा राग आला होता. वर्षातून एकदा म्हणायचं गाणं लोकांनी रोज ऐकलं तर त्यात काय बिघडलं, असं माझं मत होतं.

आमचा धंदा नंतर वाढला, तो तुला माहीत नाही. रूपचंदशेठचं नंदुरबारला मिरची बाजाराजवळ कॅसेटचं दुकान होतं, तेच आता कंपनीवाले झालेत. त्यांच्याकडच्या गाण्यांच्या लाइव्ह वाहिन्या आम्ही इथून चालवतो, माडीवर, जिथे तुझी खाट होती. लग्नाच्या गाण्यांची एक, भजनांची एक, लेकरं झोपवायची एक. पडद्यावर एकच चित्र, हलणारा दिवा, आणि मागे गाणी. यादी संपली की पुन्हा पहिल्या गाण्यापासून. वाहिनी बंद पडू द्यायची नाही, पडली तर लगेच उठवायची, एवढंच आमचं काम. पण ते सोपं आहे असं समजू नकोस. मला दूध उतू जाताना दिसत नाही, वाहिनी अडकली की भिंतीपलीकडूनही कळतं.

श्रावण लागला तशी "कानबाई चोवीस तास" सुरू केली. खाली मायचं नाव येतं, गायिका भिकुबाई. मायला त्याचं कोण कौतुक. उधना, पुणे, दोंडाईचा, कुठून कुठून बायका येऊन बसायच्या. कोण कधी आलं नि कधी उठून गेलं, त्याचा आलेख आम्हाला दिसतो. तुझं गाणं लागलं की तो आलेख धाडकन खाली यायचा. बायका बोळवण ऐकायच्या, मोबाइल ठेवायच्या आणि भाकरी थापायला जायच्या. शेठ म्हणाले, "भाभी, वो गाना लोगों को उठा देता है." मग मी तुझं शेवटचं कडवं कापलं, "सावन लागाना पहिले दार ठोकू नको" ते. आणि त्याच जागी मायचं बोलावणं असं जोडलं की एक कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं, कुणाला कळू नये. शेठनी माझं कौतुक केलं. खरं सांगते, मलाही ते जमलं याचा आनंद झाला होता.

आता या वर्षीची कानबाई. रविवारी नारळ होऊन चौरंगावर बसली, रात्रभर जागरण झालं, मायनं आवाज लावला तेव्हा गल्ली भरली होती. सोमवारी नदीवर निघायची वेळ झाली आणि बोळवायला घरची लेक, घरची आंडेर नाही. शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या, शीला म्हनी दी. माय म्हणाली, "सून जाय म्हने ते हाकलनं व्हस. आंडेर जाय म्हने ते बोळवन व्हस." मग तुझ्या भावानं डोकं चालवलं. ट्रॅक्टरवर स्पीकर होताच, त्यानं मोबाइल जोडला आणि तुझं गाणं लावलं. घाईत लावलं ते वाहिनीवरचं, मी जोडलेलं.

मायनं नारळ पाण्याला टेकवला आणि स्पीकरवर तिचाच आवाज आला. "ये वं माय कानबाई, चौरंग मांडेल शे, दार उघडं ठेयेल शे, वाट तुन्ही पाही ऱ्हायनूत."

लोक हसले. मीही हसले असेन. माय हसली नाही. नारळाला आंघोळ घालून तो परत आणतो ना आपण, कापडात बांधून ठेवायला, तर वाटेत ती दोनदा थांबली. म्हणाली, "जड व्हयना."

त्या दिवसापासून माय झोपलेली नाही. कानबाई घरात बसलेली असताना घरानं निजायचं नसतं, एवढं तुला माहीत आहे. आम्हाला ती एक रात्र वाटते. तिच्या मते ती अजून संपलेली नाही.

तू एकदा येऊन जा. तुझी वाट पाहते आहे.

शीला

सारंगखेडा, २५ ऑगस्ट

रंजू,

उत्तर आलं नाही. पाऊस आहे, टपाल अडकलं असेल, असं मी मायला सांगते. मला काय वाटतं ते वेगळं.

तुझा राग माझ्यावर असू दे, पण हे वाच. चौरंग अजून पुढच्या खोलीत मांडलेला आहे. नारळ पेटीत आहे, चौरंगावर काही नाही, तरी माय उचलू देत नाही. समोर बसून असते. तुला वाटेल, म्हातारं माणूस आहे, बसल्या बसल्या डुलकी लागत असेल. मलाही तसंच वाटलं, म्हणून मी पाळत ठेवली. सायन्सची आहे मी, असं सहजी मानत नाही. डोळे उघडे असतात, रंजू. शहाद्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या तिनं घेतल्या आणि बसून राहिली. मी म्हटलं, माय, जरा आडवी हो. म्हणाली, "कानबाई बठेल शे. तिले एकली टाकीसनी कशी निजू? बोलावनारीनी बोलायी, बोळवनारी उनी नही." हे ती रागानं म्हणत नाही. पाहुणे बसलेत, चहा टाक, अशा आवाजात म्हणते. तिची मनगटं बघवत नाहीत. बांगड्या कोपरापर्यंत जातात आता.

दुसरं म्हणजे रोटाचं पीठ. कानबाईचा रोट घरच्यांनीच खायचा आणि पुनवेच्या आत संपवायचा, हे मी लग्न होऊन आले तेव्हा तूच मला शिकवलंस. मायनं या वर्षीही माणशी एक मूठ धरून दळलं आणि तुझी मूठ वेगळी घातली. लग्न झालेलं नाही, म्हणजे घरचीच, असं म्हणाली. आमचं आम्ही खाल्लं. डब्यात एक मूठ उरली. तुझी म्हणून कुणी हात लावेना. पुनव आली तेव्हा मीच हेमकांतला म्हटलं, भावानं बहिणीचं खाल्लं तर चालतं. त्याचा रोट केला, त्यानं गुळाशी खाल्ला. दुसऱ्या दिवशी डब्यात मूठभर पीठ.

माय घालत असेल, असं म्हणशील. मीही तेच म्हटलं. डबा माझ्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. पुन्हा रोट केला, तो मी खाल्ला. मला तो गोड लागला, हे सांगायला लाज वाटते. सकाळी डबा उघडला. या दमट हवेत आमच्या गव्हाला सोंडे लागलेत आणि त्या पिठात एक जाळं नाही.

हेमकांतला हे काही मान्य नाही. तो माडीवर बसून असतो. शेठ खूश आहेत. श्रावण संपला तरी कानबाईची वाहिनी सगळ्यांत पुढे आहे, बायका येतात आणि उठून जातच नाहीत. मला हे आधी आपलं यश वाटलं होतं. मग मी त्या खाली काय लिहितात ते वाचू लागले. उधन्याच्या एकीनं लिहिलं, "आमना घर बी दिवा मालवत नही." दुसरीनं लिहिलं, सासूबाई जाग्याच आहेत. मी ते पुसून टाकलं. माझं कामच आहे ते, नको ते पुसणं.

ये गं. येताना छत्री आण, आणि माझ्या चहाला नावं ठेवायला ये हवं तर. "वहिनी, हाई चहा शे का मोरीनं पानी?" ते तुझं वाक्य ऐकलं नाही तर मला चहा केल्यासारखं वाटत नाही, असं कधी होईल हे मला वाटलं नव्हतं.

तुझी वाट पाहते आहे.

शीला

सारंगखेडा, ९ सप्टेंबर

रंजू,

आता हात जोडून लिहिते.

मी तुझं मूळ गाणं शोधलं, न कापलेलं. ते वाहिनीच्या यादीत घातलं, शेवटी, जिथे ते असायला हवं होतं. आणि माझं जोडकाम काढून टाकलं. शेठना विचारलं नाही. म्हटलं, बायका उठून जातात तर जाऊ देत, उठायलाच हवं आता सगळ्यांनी.

तुझं गाणं सुरू झालं. "जाय वं माय नदीनी वाटे, मांगे फिरी देखू नको." तुझा आवाज त्या खोलीत ऐकून मला भरून आलं. शेवटचं कडवं यायच्या आत वाहिनी तुटली. तुटली की आमच्याकडे यादी पहिल्या गाण्यापासून सुरू होते, आणि पहिलं गाणं मायचं. पुन्हा बोलावणं. मी इंटरनेटची दुसरी लाइन लावली. पुन्हा तिथेच तुटली. हेमकांतनं इन्व्हर्टर तपासला, वायर बदलली, नंदुरबारहून माणूस आणला. तो माणूस म्हणाला, सगळं ठीक आहे. त्याच्या देखत तुटली. त्यानं पैसे घेतले नाहीत, यावरून काय ते समज.

मग रूपचंदशेठ स्वतः आले. चिडूनच आले होते, यादीला हात का लावला म्हणून. पुढच्या खोलीत मायला पाहिलं आणि चपला बाहेर काढून आले परत. तिच्यासमोर थोडा वेळ बसले. माय त्यांना म्हणाली, "शेठ, पाट ल्या. कानबाईले लागी बठू नका." ते उठून भिंतीला टेकले. जाताना मला म्हणाले, "भाभी, मैं तो जैन आदमी हूँ, आमच्यात हे नाही. पण बंद करून टाका. आत्ताच बंद करा."

बंद केली. वाहिनी पुसली नाही, पण गाणं थांबवलं. पडदा काळा. थांबवलेल्या वाहिनीवर पाहणाऱ्यांचा आकडा शून्य व्हायला हवा. सगळ्या गेल्या. एक उरली. मी संगणक बंद करून चालू केला, हेमकांतच्या मोबाइलवर पाहिलं, वत्सलाबाईंच्या नातवाच्या मोबाइलवर पाहिलं. काळ्या पडद्यासमोर कोणीतरी एक बसून आहे.

आणि मायला ऐकू येतं. गाणं बंद आहे हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, तू म्हणतेस ना. मी म्हटलं, मी कुठे म्हणते? मग लक्षात आलं. मी कणीक मळत होते आणि माझ्याच तोंडात होतं, दार उघडं ठेयेल शे. कधीपासून म्हणत होते ते कळेना. आता मी काम करताना पदर दातांत धरते. तुला हसू येईल. ये, मग दोघी मिळून हसू.

पाणी सोडून मायच्या पोटात आता काही जात नाही. डॉक्टर म्हणतात, असं फार चालणार नाही. मी जास्त लिहीत नाही, तू नर्स आहेस. कुणी मोबाइल काढणार नाही, माइक नाही, वर माडीवरची सगळी बटणं मी स्वतः बंद करीन. तुझा आवाज तू म्हणशील तेवढाच आणि म्हणशील तेव्हाच. कोपऱ्यात हेमकांतनं दोन शब्द लिहिलेत. मी सांगितलं नव्हतं, त्यानंच पेन मागितला.

तुझी वाट पाहते आहे.

शीला

(रंजू, चुकनं मन्हं. ये. — हेमकांत)

सारंगखेडा, २४ सप्टेंबर

लाडके रंजू,

अशी कशी गं तू. न सांगता आलीस, न सांगता गेलीस. पण आलीस. मी तुझ्या पाया पडायला तयार आहे, नणंद धाकटी असली तरी.

माय झोपली. तू गेल्यावर आम्ही नदीवरून परत आलो, तिनं स्वतः चौरंग उचलून भिंतीला लावला, आडवी झाली आणि घोरायला लागली. हेमकांत दारात बसून ते घोरणं ऐकत होता. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठली ती भूक लागली म्हणत. भाकरी खाल्ली, ठेचा मागितला. आज ओट्यावर बसून वत्सलाबाईंना तुझं कौतुक सांगते आहे. "मन्ही आंडेर उनी, माले मोकळं करी गयी."

मला एकेक आठवतं आणि तुला विचारावंसं वाटतं, म्हणून लिहिते. घटस्थापनेचा सोमवार, मी अंगणात घटाची माती चाळत होते, आणि तू मागच्या दारानं आलीस. त्या वाटेनं कुणी येत नाही, ती नदीकडची. अंगावर ती हिरवी साडी, मायनं दिलेली. पदर कोरडा नि काठ घोट्यापर्यंत ओला. ऊन पडलं होतं. मी म्हटलं, नावेनं आलीस की काय? तू हसलीस नुसती. हातात पिशवी नाही, पायात चप्पल नाही. घाटात तुटली का? सांगितलं असतंस तर माझी दिली असती.

हेमकांत तुझ्यासमोर येऊन उभा राहिला. तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास. तो तुझ्याहून मोठा आहे, वेडे. तरी मला ते बरं वाटलं. मी चहा केला. घाईत साखर जास्त पडली, आलं विसरले. तू सगळा प्यायलास आणि म्हणालीस, "गोड झाला, वहिनी." मी म्हटलं, राग गेला म्हणायचा.

मग तू रोट मागितलास. मी डबा काढला, मूठभर पीठ होतंच, त्याचा रोट केला आणि तू तो मायच्या समोर बसून सगळा खाल्लास. डबा मी आजही पाहिला. रिकामा आहे. घासून पालथा घातला.

तू म्हटलंस ते गाणं मी विसरणार नाही. मायनं तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलंस, मी कापलेलं कडवंसुद्धा. वत्सलाबाई कुंपणापाशी उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी शब्द पाळला, रंजू, कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. नदीवर मायनं नारळ पाण्याला टेकवला, आणि तू म्हणालीस, आता चला, मागं पाहू नका. बोळवणीची रीतच ती, म्हणून आम्ही पाहिलं नाही. मला वाटलं, तू मागून येशील. नाही आलीस. पुलावरून शहाद्याची गाडी धरलीस ना? निदान जेवून जायचंस.

आणखी एक, हेमकांतला बोलू नकोस. संध्याकाळी माडीवर गेले, आलेख पाहिला. ती एक जी बसून होती, ती गेली. दुपारी, तू इथे गात होतीस त्याच वेळी. वाहिनीवर काहीच चालू नव्हतं, तिनं काय ऐकलं असेल? पण आता शून्य आहे. मी किती तरी वेळ त्या शून्याकडे पाहत बसले होते, बरं वाटत होतं.

दिवाळीला ये. सांगून ये. उत्तर लिही.

शीला

सारंगखेडा, ३ ऑक्टोबर

रंजिता,

तुझं पत्र काल मिळालं. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

तू लिहितेस, दरड पडून घाट बंद होता, पोळ्यानंतर तू पठारावरून खाली उतरलीच नाहीस. माझी तिन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. चौथं तेव्हा वाटेत असणार. तू लिहितेस, मायचं वाचून रडलीस, हेमकांतचे दोन शब्द वाचून राग गेला, रजा मंजूर झाली आहे, रस्ता मोकळा झाला आहे, रविवारी येते, मी येईपर्यंत काही करू नका, बोळवण मीच करीन.

तुमच्या केंद्राचा फोन महिनाभर लागत नव्हता, तो आज लागला. शांतीबाई म्हणून कोणी होत्या. मी विचारलं, घटस्थापनेच्या सोमवारी सिस्टर कुठे होत्या? त्या म्हणाल्या, इथेच, करमसिंगच्या सुनेचं बाळंतपण होतं, सकाळपासून हललेल्या नाहीत, मुलगी झाली. आनंदानं सांगत होत्या. मी त्यांना मुलीचं वजनही विचारलं, का ते माहीत नाही. फोन ठेवावासा वाटत नव्हता.

तुझ्यापासून आता काही लपवत नाही. हेमकांत दोन दिवस माडीवर गेलेला नाही. त्याला डोक्यावरचा तो हात आठवतो, गार होता म्हणतो. हे त्यानं आधी सांगितलं नव्हतं. वत्सलाबाईंना मी काही बोलले नाही. नदीकडच्या दाराला आतून कडी लावली आहे.

मायला तुझं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, ती घाबरेल. ती शेंगा सोलत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मन्ही आंडेर ते ई गयी. तिना वाटाना रोट खायी गयी. मी तिले बोळायी दिधी." मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कोन येई ऱ्हायनी?"

मी म्हटलं, माय, हीच रंजू आहे, ती जी आली होती ती... तिनं शेंगा सोलायला घेतल्या. ती आता दारात उभी राहत नाही, रंजू. पूर्वी एसटी पुलावर आली की उठायची. आता गाडी येते, जाते, ती मान वळवत नाही. झोपते चांगली, जेवते, अंग धरायला लागली आहे. ज्याच्यासाठी तुला बोलावलं ते झालं. आणि तुझ्यासाठी जे ठेवलं होतं ते सगळं कोणीतरी खाऊन गेलं, मूठभर पिठापासून ते आईच्या वाट पाहण्यापर्यंत. मी ते रांधून वाढलं. मला तुझं फार वाईट वाटतं गं.

तरी तू ये. तिला पटेपर्यंत मी तुझ्याबरोबर बसेन, दिवाळीपर्यंत, पुढच्या श्रावणापर्यंत. पुढच्या वर्षी तुझी मूठ मी माझ्या हातानं घालीन. लेक लेकच असते, माय आज ना उद्या ओळखील. नाही ओळखलं तर हे घर माझंही आहे, तुझी खाट मी पुन्हा माडीवर लावून घेतली आहे. संगणक गेले कोपऱ्यात. शेठना सांगून टाकलं, कानबाईची वाहिनी पुसून टाका. त्यांनी पुसलीही.

पुसायच्या आधी मी एकदा पाहिली. तुझं पत्र वाचून दाखवल्यानंतर. कोणीतरी एक येऊन बसलं होतं.

म्हणून एक ऐक. रविवारी पुढच्या दारानं ये, चप्पल घालून ये. दारात उभं राहून गोड बोलू नकोस, गाणं तर मुळीच नको. मी खिडकीतून चहाचा कप बाहेर देईन. मुद्दाम आलं विसरेन, साखर जास्त टाकेन. एक घोट घे आणि नावं ठेव. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, तुझ्या त्या खरखरीत आवाजात, मोरीचं पाणी म्हण, काय वाटेल ते म्हण. ते ऐकलं की मी कडी काढीन.

शेवटी दर वेळेसारखं लिहिणार होते की तुझी वाट पाहते आहे. लिहिलं आणि खोडलं, वर शाई दिसेल तुला. ते मायच्या गाण्यातलं आहे, आणि मी ते तीन पत्रांत तीनदा लिहिलं.

शीला